कापलेल्या पट्ट्यांचा डबा

माझी आई माप काटेकोर पाळायची असं म्हटलं, तर आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतल्या बायका हसतील. मालवणची बाई ती. मीठ चिमटीने, मसाला अंदाजाने. पण माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला ताप आला की हीच बाई औषधाचा ड्रॉपर ट्यूबलाइटसमोर धरायची, एक डोळा मिटायची आणि औषध बरोबर रेघेवर येईपर्यंत कोणाला बोलू द्यायची नाही. मी घाई केली की खेकसायची, "थांब गो! थेंब जास्त गेलो तर?" मग फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर वेळ लिहायची. डॉक्टरांनी सांगितलेले तास भरायच्या आत दुसरा डोस नाही म्हणजे नाही, पोरगी कितीही रडो.

स्वतःच्या औषधांचा मात्र नुसता सावळागोंधळ. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळ्या गोळ्या एकत्र. आमचा केमिस्ट मागाल तेवढ्याच गोळ्या कात्रीने कापून देतो. नाव राहतं पट्टीच्या उरलेल्या भागावर, त्याच्या दुकानात. आपल्या हाती येतो कोरा चंदेरी तुकडा. आई गोळ्यांना कामावरून ओळखायची: ही गुडघ्याची, ही तापाची, ही सर्दीची. त्यात शेजारच्या काकूंनी "मला लागू पडली, घेऊन बघा" म्हणून दिलेली अंगदुखीची.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीनंतर, आजी आणि नात दोघींना एकदमच ताप भरला. आईचे सांधे इतके धरले की चहाचा कप उचलवेना, तरी ड्रॉपर ती दोन्ही हातांनी धरायची. पाच दिवस तिच्या पोटात पेजेशिवाय काही नव्हतं. तापाला तापाची गोळी, अंगाला अंगदुखीची, नाक गळतंय म्हणून सर्दीची, गुडघ्याची तर रोजचीच. मी घरूनच काम करत होते, कॉलवर कॉल. पाचव्या दिवशी दुपारी ती कण्हायला लागली आणि माझं डोकं फिरलं. "सारखं काय कण्हतेस गं? गोळी घे ना आणि पड गप!" मीच डब्यातून एक काढली आणि तिच्या हातावर ठेवली. कुठली, तेही बघितलं नाही. तिने निमूट गिळली. "माका काय धाड भरली हा? तू काम कर," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उलट्या. तिसऱ्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेत होत्या? मी डबा पुढे केला. त्यांनी एकेक तुकडा उलटसुलट करून पाहिला. कुठे अर्धं अक्षर, कुठे नुसता आकडा. शेवटी मी केमिस्टकडे धावले आणि उरलेल्या पट्ट्यांचे फोटो काढून आणले. ते बघून डॉक्टर हळूच म्हणाले, चारही गोळ्यांत पॅरासिटामॉल आहे. एकेक वेगळी घेतली तर ठीक. सगळ्या मिळून, उपाशीपोटी, पाच दिवस घेतल्या म्हणून लिव्हर निकामी झालंय.

आई त्यानंतर चारच दिवस होती. बहुतेक वेळ ग्लानीतच. एकदा डोळे उघडून नातीची चौकशी करत म्हणाली, "बायेक ताप इलो काय? माप बघून दी हां."

नंतर मी केमिस्टवर चिडून बघितलं. काकूंवर चिडून बघितलं, तर त्याच माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या. खरी चीड माझी मला येते, आणि ती जात नाही. शिकलेली मुलगी मी, तिच्यापासून दोन हातांवर लॅपटॉप घेऊन बसले होते.

तेराव्यानंतर फ्रिजवरचा कागद काढायला गेले. त्या पाचही दिवसांच्या नोंदी होत्या, थरथरत्या अक्षरात: तारीख, वेळ, किती औषध, पुढचं कधी. एकही चुकलेली नव्हती. कागदाची उजवी बाजू कोरी होती. तिथे 'आई' लिहून खाली तिच्या गोळ्या मांडायला मला दोन मिनिटं लागली असती. पेनसुद्धा तिने तिथेच दोऱ्याने बांधून ठेवलं होतं.