दुसऱ्या प्रकारचा तारा

निलंग्याच्या एका कॉलेजात पंचशीला सोनकांबळे ही भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. एकवीस वर्षं तिनं भिंगं पुसली, वायरी गुंडाळल्या. त्याच प्रयोगशाळेच्या कपाटात अनुदानातून आलेली आठ इंची दुर्बीण सात वर्षं खोक्यात पडून होती. फुटली तर जबाबदार कोण, हे ठरत नसल्यामुळं तिला कुणी हात लावला नव्हता. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणिकप्पा सरांनी स्वतःच्या निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा ती जबाबदारी लेखी अंगावर घेतली आणि खोकं उघडलं. पोरांनी दोन दिवस चंद्र पाहिला, सेल्फी काढल्या, विषय संपला. पंचशीलेचा तिथून सुरू झाला.

सरांनी तिला दुर्बिणीला कॅमेरा लावायला शिकवलं आणि दूरच्या तीस दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे थवे, नेमून दिल्या. निरभ्र रात्री गच्चीवर जायचं, एकेकीचा फोटो घ्यायचा, जुन्या फोटोशी ताडून पाहायचा. एखादा तारा मरताना फुटला, तर तिथं नवा ठिपका दिसतो. तोच अतिनवतारा. सर निवृत्त झाले तरी ती थांबली नाही. गच्चीच्या किल्लीसाठी दर वेळी अर्ज द्यावा लागे, तो ती देई. साडेतीन वर्षांत एकही ठिपका सापडला नाही, पण तिची तक्रार नव्हती. दीर्घिका निदान ‘चहा आण’ म्हणत नव्हत्या.

गेल्या मार्चात तिनं सरांना फोन लावला.

“सर, एक ठिपका लई आगाऊपणा करायलाय. परवाच्या फोटोत न्हाई, आज हाय.”

“उद्या परत बघ. सरकला तर लघुग्रह. तिथंच बसला तर तुझा.”

तो तिथंच बसला. जगभरचे असे शोध नोंदवतात त्या संकेतस्थळावर पंचशीलेनं शब्दकोश शेजारी ठेवून अर्ज भरला. एका मोठ्या वेधशाळेच्या तीन तास आधी. पाच दिवसांनी कुठल्याशा भल्यामोठ्या दुर्बिणीनं ठिपक्याचा प्रकाश फोडून तपासला. त्यात हायड्रोजन दिसला, म्हणजे एक अजस्र तारा आतून कोसळून मेला होता. शिक्कामोर्तब झालं: अतिनवतारा, प्रकार दुसरा. शोधकाच्या रकान्यात तिचं नाव. कोट्यवधी वर्षांपूर्वी गेलेल्याची बातमी जगात सर्वांआधी आपल्याला कळली, ह्यावर हसावं की रडावं तिला कळेना. ती नुसतीच गच्चीवर बसून राहिली.

सोमवारी प्राचार्यांची नोटीस आली. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने पूर्वपरवानगीविना परदेशी संस्थेशी परस्पर पत्रव्यवहार का केला, तीन दिवसांत खुलासा करावा. पंचशीलेनं लिहिलं: “तारा फुटण्यापूर्वी कळवत नसल्यामुळे पूर्वपरवानगी घेता आली नाही.”

तिसरा दिवस उजाडायच्या आत लातूरच्या पेपरात बातमी आली आणि कारवाईचा सत्कार झाला. गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर संस्थेचे अध्यक्ष सोमेशअप्पा, त्यांचे चिरंजीव, प्राचार्य, आणि शोभेला शनी ग्रह. खाली कोपऱ्यात पंचशीलेचा सेवापुस्तकातला एकवीस वर्षांपूर्वीचा फोटो. कार्यक्रमाआधी प्राचार्यांनी तिला हळूच विचारलं, “पाहुण्यांच्या चहाचं बघितलंस ना?” तिनं बघितलं, हात पुसले आणि मंचावर कडेच्या खुर्चीत जाऊन बसली.

“तारा निलंग्यातून दिसला, म्हणजे निलंग्याचाच!” सोमेशअप्पा गरजले. टाळ्या ओसरल्यावर त्यांनी तिच्याकडं वळून विचारलं, “कोणत्या प्रकारचा म्हणाल्या, बाई?”

“दुसऱ्या.”

अप्पांचा चेहरा उतरला. “मग पहिला कुणी नेला? उदगीरवाल्यांनी?”

“अप्पा, तो नंबर न्हाई. हायड्रोजन दिसला तर दुसरा, न्हाई दिसला तर पहिला.”

“म्हणजे पहिल्याला सामान कमी लागतंय, तरी आपल्याला जमलं न्हाई?”

प्राचार्य घाईनं उठले आणि पुढच्या वर्षी पहिल्या प्रकारचाच तारा देऊ, अशी ग्वाही देऊन बसले. एकवीस वर्षांत पंचशीलेनं किल्लीच्या अर्जांपलीकडं संस्थेकडं काही मागितलं नव्हतं. आज तिनं माईक धरला.

“पहिला पाहिजे असल तर गच्चीची किल्ली माझ्याकडं पाहिजे. गच्चीवर रात्र काढली की दुसऱ्या दिवशी अकराला यायची सवलत. आन् अप्पांच्या नावाच्या पाटीवर जो मोठा दिवा सोडलाय, तो रात्री बंद.”

पाटीचं ऐकून अप्पा क्षणभर थबकले. पण उदगीर डोळ्यांपुढं असावं. “देऊन टाका!”

आदेश त्याच दुपारी टाइप झाला: ‘पहिल्या प्रकारच्या ताऱ्याकरिता.’ नोटीस मात्र कुणी मागे घेतली नाही. ती फाइलीत तशीच आहे.

बाहेर माणिकप्पा सर पोट धरून हसत होते. “प्रकार असा मागून मिळत नसतो, हे सांगायचं होतंस की.”

“सांगितलं असतं, तर किल्ली मिळाली असती का, सर?”

मे संपेपर्यंत ठिपका फिकट होत गेला. दिसेनासा होईपर्यंत तिनं त्याचे फोटो घेतले. आता तिच्या यादीत चाळीस दीर्घिका आहेत. दर सोमवारी प्राचार्य प्रयोगशाळेच्या दारात थांबून विचारतात, “लागला का पहिला?”

“प्रयत्न चालू हायेत, सर,” पंचशीला भिंग पुसता पुसता सांगते.