बिराप्पाचा तारामासा

बिराप्पा म्हसवडच्या हायस्कुलात प्रयोगशाळेचा शिपाई. जातीचा धनगर, बारा वर्षं पलटणीत काढून आलेला. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. प्रयोगशाळेतल्या एका बरणीत तारामासा होता, आणि तो पुसताना बिराप्पाला राहवायचं नाही. द्वारकेला पलटण असताना ओहोटीच्या वेळी त्यानं असले तारामासे तासन्‌तास उकिडवं बसून पाहिले होते. एक तर पलटणीच्या डॉक्टरनं चिरूनही दाखवला होता.

"ह्यो पाण्याच्या जोरावर चालतोय, गुरुजी," तो मुख्याध्यापक नानासो गुरुजींना म्हणाला. "खाली शेकडो नळ्या, तेच पाय. हरेक नळीवर पाण्याची बारकी पिशवी. पिशवी आवळली की पाणी नळीत उतरतंय, पाय लांबतोय. टोक चिकटलं की पाय आखडतोय, आन् अंग फुडं."

"आरं, आपल्या माण तालुक्यात प्यायला पाणी न्हाई, आन् तुझा मासा पाण्याचे पाय करतोय व्हय!" गुरुजी हसले, सगळे मास्तर हसले. कुणीतरी म्हणालं, "पलटणीतली थाप!"

ते मात्र लागलं. आजवर बिराप्पाला खोटारडा कुणी म्हटलं नव्हतं.

"साताऱ्याच्या विज्ञान प्रदर्शनात करून दावतो. न्हाई जमलं, तर परत ह्या बरण्यांना हात लावणार न्हाई."

पायासाठी त्यानं बकऱ्याचं आतडं धुऊन आणलं, पिशवीसाठी ट्रकच्या भोंग्याचा रबरी चेंडू मिळवला. आता बघा, बायको भामाबाई संसाराची. आतडं नासंल म्हणून तिनं त्याला मीठ-हळद चोळली आणि दोरीवर वाळत घातलं!

साताऱ्यात गाठोडं सोडलं तर आत पिवळी कडक वेटोळी. गुरुजींचा चेहरा उतरला.

"बिराप्पा, आरं प्रदर्शनाला वाळल्या मटणाच्या चान्या घिऊन आलास का रं?"

तपासणीस साहेब तीनच टेबलं पलीकडं होते. पण बिराप्पा धनगराचा. आतडं त्याला ठाऊक.

"आवं गुरुजी, आतडं हाय ते. पाणी बघितलं की नरमतंय."

चहावाल्याकडून कोमट पाणी आणलं, आतडं भिजवलं. एक टोक दोऱ्यानं बांधलं, दुसरं पाणी भरलेल्या चेंडूला जोडलं. तोवर साहेब समोर.

"हा पाय?" काचेवर पडलेल्या त्या लोळागोळ्याकडे बघत साहेबांनी विचारलं.

बिराप्पानं चेंडू दाबला. पिवळा पाय सरसर भरला, ताठ होऊन वीतभर पुढं गेला. सोडला, तसा ढिला पडला.

"मासा पाय आखडतो त्यो सोताच्या स्नायूनं, सायब. तेवढं मला जमलं न्हाई."

साहेबांनी चेंडू स्वतः दाबून पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा. मग गुरुजींकडे वळले.

"अगदी बरोबर. हाड नाही, काही नाही, सगळं पाण्याच्या दाबावर. हे तुमच्या शाळेत कुणी शिकवलं?"

गुरुजींनी टोपी नीट केली.

"आमच्या बिराप्पांनी," ते म्हणाले. "मीसुद्धा त्यांच्याकडूनच शिकलो."