समरकंद, बुखारा आणि आमचे साडू

आमचे साडू सोलापूर सोडून आजवर कुठेही गेलेले नाहीत. पासपोर्टावर चार देशांचे शिक्के आहेत, उंटावर बसलेला फोटो आहे, पण त्यावर विश्वास ठेवू नये. माणूस दुबईत उभा असो की सिंगापुरात, त्याचा मुक्काम सात रस्त्याजवळच्या आपल्या टाइल्सच्या दुकानातच असतो. समोर दिसेल ते सोलापूरच्या मानानं किती कमी पडतं, एवढंच तपासायला तो बाहेर पडलेला असतो. मागल्या वर्षी समरकंद-बुखाऱ्याच्या सहलीला आम्ही नवरा-बायको त्यांच्याबरोबर गेलो. ते, अक्का म्हणजे त्यांची पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही दोघं, आणि पुण्या-नाशकाकडची पंचवीसेक अनोळखी माणसं. आठ दिवसांनी परतलो तेव्हा त्या सगळ्यांना सिद्धेश्वर तलावाची खोली ठाऊक झाली होती. समरकंद कुणी बांधलं याबद्दल मात्र त्यांच्यात अजून मतभेद होते.

साडूंचा बाहेरच्या खाण्यावर काडीचा विश्वास नाही. ते शाकाहारी आहेत हे खरं, पण तसे आम्हीही आहोत. त्यांचं म्हणणं असं की परदेशात पोट बिघडतं ते तिथलं अन्न वाईट असतं म्हणून नव्हे, तर पोटाला ते ओळखीचं नसतं म्हणून. तेव्हा ओळखीचं अन्न बरोबर न्यावं. ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर पापडासारखी कडक करून ठेवली की महिनाभर टिकते. अशी कडक भाकरी आमच्याकडे दुकानोदुकानी मिळते, पण साडूंना विकतची चालत नाही. मशीनच्या भाकरीला माणसाचा हात लागलेला नसतो, म्हणतात. तो हात अर्थातच अक्काचा असतो. सहलीच्या आधीचा अख्खा आठवडा ती गॅसपुढे उभी होती. सव्वाशे भाकऱ्या झाल्या, वर शेंगाची चटणी खलबत्त्यात कुटलेली, कारण मिक्सरमध्ये म्हणे शेंगाचा जीव जातो.

त्याच आठवड्यात अक्कानं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं होतं की मला ते मिनार-घुमट काही कळत नाहीत, पण टूरवाल्याच्या पत्रकात भट्टीतून रोटी काढणाऱ्या बाईचा फोटो आहे, ती रोटी मला एकदा बसून खायची आहे. बायकोनं ते मला सांगितलं. मी हसलो. लाखभर रुपये भरून माणूस समरकंदला जातो आणि रोटी खाऊन येतो, हे मला तेव्हा फार विनोदी वाटलं होतं.

ताश्कंदच्या विमानतळावर साडूंची बॅग यंत्रातून गेली आणि यंत्रापाशी बसलेला अधिकारी उठून उभा राहिला. पडद्यावर गोल चकत्यांच्या चळती आणि पिशव्या भरभरून पूड दिसत होती. बॅग उघडायला लावली. साडूंचं भाषांविषयीचं धोरण अगदी सरळ आहे. समोरच्याला मराठी येत नसेल तर कानडी बोलायचं, कारण दोन्ही येत नाहीत असा माणूस अक्कलकोटापर्यंत तरी त्यांना भेटलेला नाही. त्यांनी त्या गोऱ्यापान अधिकाऱ्याला "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, असं आपुलकीनं विचारलं, एक भाकरी मोडली, चटणी लावली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती का खाल्ली हे मला आजही सांगता येणार नाही. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, मग त्यानं शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावून उरलेला तुकडा त्याच्या तोंडात घातला. दोघांनी मिळून बॅगेची चेन लावून दिली. साडू पुढे अर्धा तास सांगत होते की कानडी जगात कुठंही चालतं.

समरकंदातल्या त्या भव्य चौकात आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं आणि तीन बाजूंनी निळ्या फरशांच्या उत्तुंग कमानी उजळल्या होत्या. नाशिकच्या एका बाईंनी चक्क हात जोडले. आमची गाईड, हिंदी शिकलेली तिथलीच एक गोड मुलगी, तैमूरच्या नातवाची गोष्ट अगदी रंगात येऊन सांगत होती. साडू कुठे दिसेनात. पाहतो तर ते भिंतीला कान लावून उभे, आणि बोटांच्या पेरांनी एकेक फरशी ठोकून बघताहेत. टाइल नीट बसली की नाही हे आवाजावरून कळतं, पोकळ वाजली तर खाली माल कमी. रखवालदारानं शिट्टी मारली, धावत आला. साडूंनी त्यालाही ठोकून दाखवलं आणि मग आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "सहाशे वर्सं झाली, एक बी पोकळ न्हाय. आपल्या मिस्त्रीला हितं आणून उभा करायला पायजे." परदेशातल्या कुठल्याही गोष्टीची साडूंनी केलेली ही पहिली आणि शेवटची स्तुती. चौकाच्या बाहेर पडेपर्यंत त्यांना आपल्या भुईकोट किल्ल्याची दगडी भिंत आठवली आणि टाइल्स मागे पडल्या.

या सगळ्यावर मी मनातल्या मनात फार खूष होतो. परत गेल्यावर मित्रांना सांगायला किस्सेच किस्से जमत होते, रोज रात्री मोबाइलवर टिपून ठेवत होतो. जेवणाच्या टेबलांवर तर साडू नुसते बहरायचे. हॉटेलचा माणूस ताटल्या मांडून वळला रे वळला की त्यांची पिशवी निघायची आणि पंगतीत वाढावं तशी प्रत्येकापुढे भाकरी यायची, नको म्हणायची सोय नाही. ताश्कंदच्या बाजारात भोपळ्याचं सारण भरलेले गरम सामसे भट्टीतून निघत होते. अक्कानं हात पुढे केला, तर साडूंनी त्या हातावर भाकरी ठेवली. समरकंदला सकाळी नाश्त्याला ताजी रोटी आली, ती त्यांनी तिच्या ताटातून उचलून नाशिकच्या बाईंना दिली, कारण अक्काचं पोट नाजूक. तिचं पोट नाजूक असल्याचं आम्हाला त्याआधी कधी ऐकू आलेलं नव्हतं. ती भाकरी मोडायला लागली. तिसऱ्या दिवसापासून मीही रोट्या टाळून भाकरीच मागायला लागलो, हेही कबूल करायला हवं. चटणी खरंच उत्तम झाली होती.

सहलीतला शेवटचा मुक्काम बुखाऱ्याला. तिथं एका घरी जेवण ठरलं होतं. अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली बैठक, एका बाजूला मातीची भट्टी, आणि भट्टीपाशी अक्काच्याच वयाची, डोक्याला रुमाल बांधलेली घरमालकीण. साडूंनी बसल्या बसल्या पिशवी काढली आणि चार भाकऱ्या मधोमध ठेवल्या. त्या बाईनं त्यांतली एक दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि मानानं आपल्या रोट्यांशेजारी मांडली. साडूंनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं भट्टीतून फुगलेली, वर नक्षी उठलेली रोटी काढली, हातानं मोडली आणि वाफाळता पहिला तुकडा अक्कापुढे धरला. साडूंचा हात सवयीनं मधे आला. ही तुला बाधेल, आपली खा, असं काहीतरी ते म्हणाले.

अक्कानं त्यांचा हात बाजूला केला. जोरानं नाही, ताटावरची माशी वारावी तसा. "लग्न झाल्यापासून तुमच्या समद्यांच्या ताटात गरम टाकलं," ती म्हणाली. "माज्या ताटात गरम आज पयल्यांदा पडलंय. खाऊ द्या की."

आणि ती खायला लागली. सावकाश, बोटं भाजत होती तरी. गाईडनं हिंदीत विचारलं की आंटी काय म्हणाल्या, घरमालकीण विचारते आहे. सहलीभर प्रत्येक गोष्टीवर काहीतरी चुरचुरीत बोलणारा मी समोरच्या भाकरीचे तुकडे करत बसलो. पुण्याची मंडळी ताटात बघत होती. साडूंनी घसा खाकरला. त्या वेळी त्यांना कानडी आठवलं नाही. आपल्या मोडक्या हिंदीत, त्या बाईकडे बघत ते म्हणाले, "बोलतीय, हम कभी गरम नै खिलाया." बाईनं मान हलवली, कणकेचा नवा गोळा घेतला आणि भट्टीला आतून रोटी चिकटवली. साडू ती भाजेपर्यंत भट्टीपाशी उभे राहिले आणि स्वतः आणून त्यातला पहिला तुकडा अक्काच्या ताटात ठेवला.

दुसरा तुकडा त्यांनी माझ्या बायकोला दिला. तिनं तो घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते पाहणं चाललं असतं, अगदी रागानं पाहिलं असतं तरी.

सोलापुरात परत आल्यावर मित्रांना मी विमानतळाचा किस्सा सांगतो, टाइल्सचा सांगतो, पोट धरून हसतात. बुखाऱ्याचं सांगत नाही. आमच्याकडे अजूनही तव्यावरची पहिली भाकरी माझ्याच ताटात पडते आणि बायको शेवटी, सगळं आवरल्यावर, ओट्याशी उभी राहून जेवते. तिला एकदा 'तू आधी बस, गरम खा' म्हणावं, असं रोज मनात येतं. आमच्या साडूंनी परक्या अंगणात, परक्या बाईसमोर, मोडक्या हिंदीत का होईना, कबूल तरी करून टाकलं. मला माझ्या स्वयंपाकघरात, मराठीतसुद्धा, अजून ते जमलेलं नाही.