हौदातली कमळं

गटारात कमळं लावायची कल्पना माझी होती. ती खरोखर लावली गेली, ते मात्र चंदीगडच्या लोकांच्या सभ्यपणामुळे.

मी इथल्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवतो. एखादा शब्द एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला की त्याचा अर्थ कसा बदलतो, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. पंजाबीत मला स्वतःला मात्र एकच गोष्ट नीट जमते. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही, की मान डोलावून "हाँ जी" म्हणायचं. (पंजाबीवाचून माझं आजवर काही अडलं नव्हतं.)

सांगलीला एकट्या राहणाऱ्या सासूबाईंनी आमच्याकडे कायमचं यावं, म्हणून सुजाता, म्हणजे माझी बायको, कधीची त्यांच्या मागे लागली होती. रोज सकाळचा नदीचा घाट सोडून त्या काही हलायला तयार नव्हत्या. तरी आशेवर आम्ही मागच्या अंगणात त्यांच्यासाठी खोली आणि बाथरूम बांधायला काढलं. पण नेमकी त्याच जागेखालून घराची जुनी ड्रेनेजची लाइन जात होती. ठेकेदार गुरमेलसिंग यांनी नकाशा पाहिला, दाढीवरून हात फिरवला.

"सरजी, लैन घुमानी पड़ेगी. तीन मोड़, तीन हौदियाँ. हौदी के बिना नक्शेवाले पास नहीं करेंगे."

"हाँ जी," मी म्हणालो.

आता हौद म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. हौदी म्हणजे लहान हौद. खोली बांधायची तर तीन हौद बांधायची सक्ती, हा नियम मला थोडा चमत्कारिक वाटला. पण या शहरात घराचं फाटक कसं दिसावं, हेसुद्धा सरकार ठरवतं. त्यांना अंगणाअंगणातून पाणी खेळवायचं असेल, तर आपण कोण नाही म्हणणार?

सुजाताने त्याच संध्याकाळी सांगलीला फोन लावला.

"आई, तुझ्या खोलीबाहेर हौद बांधतोय आम्ही."

"हौद? खराखुरा?"

"अगं, नियमच आहे इथला. हे जातीने लक्ष घालतायत."

सासूबाई म्हणाल्या, "सकाळी पाण्याशी बसायला मिळणार असेल, तर येते बाई."

सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत तिला जे जमलं नव्हतं, ते हौदाने केलं होतं. साहजिकच हौदाची निवड मी स्वतः करायची ठरवली.

गुरमेलसिंगांबरोबर दुकानात गेलो. दुकानदाराने प्लास्टिकच्या तयार हौद्या दाखवल्या, सिमेंटच्या दाखवल्या, आणि विटांची बांधून घेतलीत तर उत्तम, असंही प्रामाणिकपणे सांगितलं.

"बेंचिंग करवाओगे जी?"

"हाँ जी. दो आदमी आराम से बैठ सकें, इतनी."

(बेंचिंग म्हणजे मैला अडकू नये म्हणून तळाशी घालतात तो उतार. हे मला पुढे कळलं.)

दुकानदाराने गुरमेलसिंगांकडे पाहिलं. गुरमेलसिंगांनी आभाळाकडे पाहिलं.

"और ढक्कन? भारी वाला?"

"कोने की दोनों पे लगा दो. कमरे के सामने वाली खुली रहेगी. उसमें कमल लगाएँगे. हमारी सासूमाँ रोज़ सुबह पैर डालकर बैठेंगी."

दुकानदार पेन खाली ठेवून आदराने म्हणाला, "महाराष्ट्र से हो जी?"

"हाँ जी."

"अच्छा है. हर जगह का अपना रिवाज."

विटांच्या तीन हौद्या बांधून झाल्या. तिसरीच्या काठाशी मी हौसेने सिमेंटचा बाक करून घेतला. शंका मला एकच होती.

"गुरमेलजी, पानी कहाँ से आएगा?"

"पानी तो अपने आप आएगा, सरजी. सुबह-सुबह सबसे ज़्यादा."

"रुकेगा न?"

"रुकना ही नहीं चाहिए जी. रुक गया तो मुसीबत."

म्हणजे वाहतं पाणी. मी पिंजौरच्या नर्सरीतून कमळाच्या दोन कुंड्या आणून आत ठेवल्या.

सासूबाई आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गुरमेलसिंगांनी घराची लाइन नव्या हौद्यांना जोडली, आणि नकाशा पास करणारे इंजिनिअर ती तपासायला आले. सासूबाई नव्या बाथरूममध्ये आंघोळ उरकून बाकावर येऊन बसल्या होत्या. इंजिनिअरसाहेबांनी पहिली हौदी उघडून वाकून पाहिलं आणि हाक दिली, "घर के सारे नल और फ्लश चला दो जी." सुजाताने आतून सगळं सुरू केलं.

"जावईबापू, पाणी आलं," सासूबाई म्हणाल्या. मग जरा वाकून, "हा माझ्याच चंदनाच्या साबणाचा फेस आहे हो." आणि मग दोन्ही पाय वर घेऊन, "मागून येतंय ते साबणाचं नाही."

इंजिनिअरसाहेब तिथे पोचले. "ढलान ठीक, गहराई ठीक, बेंचिंग बढ़िया. पर सीवर की हौदी में कमल?"

सीवर हा शब्द मला कळतो. म्हणजे इथली हौदी हे आपल्याकडचं ड्रेनेजचं चेंबर होतं.

मी गुरमेलसिंगांकडे वळलो. "आपने बताया क्यों नहीं?"

"सरजी, जालंधर की तरफ मैंने एक कोठी की छत पर हवाई जहाज़ बनाया है. पानी की टंकी थी, मालिक को जहाज़ जैसी चाहिए थी. तब से मैं किसी से कुछ नहीं पूछता."

सुजाता दारात उभी होती. आई आता परत जायचं तिकीट काढायला सांगणार, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आम्ही सगळे सासूबाईंकडे बघत राहिलो. त्यांनी पदर नाकाला लावला होता, आणि पदरामागे त्यांचे खांदे हलत होते. त्या रडतायत असं आधी मला वाटलं.

"याच्यावर झाकण घाला," हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या. "बाक राहू दे. ऊन छान येतं इथे. आणि मी कुठे जात नाही. सांगलीला इतकी करमणूक नाही."

झाकण बसलं, लाइन पास झाली. कमळं इंजिनिअरसाहेब मागून घेऊन गेले.

दुपारी सासूबाई बाकावर बसून सांगलीला बहिणीला फोनवर सगळं पहिल्यापासून सांगत होत्या. सुजाताने माझ्यासमोर चहा ठेवला आणि शांतपणे विचारलं, "खरं सांगा, आपल्या लग्नाच्या वेळी तरी कशाला हो म्हणताय, ते तुम्हाला कळलं होतं का?"

"हाँ जी," मी म्हणालो.

"तेव्हाही अगदी असंच म्हणाला होतात," ती म्हणाली.