पोफळींसाठी घेतलेला गेमिंग कॉम्प्युटर

म्हसळ्याला एसटी स्टँडच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सुटे भाग आणून मशीन जोडण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे कंपनीकडून जोडून, खोक्यात बंद होऊन येणाऱ्या तयार कॉम्प्युटरवर माझा कधी विश्वास बसला नाही. जे गिऱ्हाइकाला दिसतं ते भारी घालायचं आणि जे आत झाकलेलं असतं तिथे हात आखडता घ्यायचा, असे किती नमुने माझ्या टेबलावर येऊन गेले. म्हणून पुतणीचा फोन आला, "काका, मी गेमिंगचा तयार डेस्कटॉप मागवलाय," तेव्हा मला जरा लागलंच.

"मला सांगायचंस. जोडून दिला असता."

"कामाची घाई होती. पण तुम्ही येऊन उघडून बघा ना. परत करायची मुदत आहे अजून. तुम्ही नको म्हणालात तर पाठवून देऊ."

ही माझ्या मोठ्या भावाची मुलगी. पुण्यात शिकली आणि आता दिवेआगरला गेम बनवणाऱ्यांसाठी घरी बसून काम करते. गेममध्ये मागे जे जंगल, रस्ते, घरं दिसतात, ती ही बनवते. तिचा लॅपटॉप त्या ओझ्याखाली हाशहुश करायला लागला होता.

रविवारी सकाळी मी स्क्रूड्रायव्हरचा डबा घेऊन दिवेआगरला गेलो. दादा ओटीवर सुपारी सोलत बसला होता. चक्रीवादळात आमची सुपारीची बहुतेक वाडी आडवी झाली, त्यानंतर त्याने सगळी पुन्हा लावली. नवी पोफळ डोक्यावर गेली आहे, पण फळ धरायला अजून वेळ आहे. उरलेल्या जुन्या झाडांवर सध्या भागतं. त्या वादळाबद्दल दादा कधी बोलत नाही. कोणी विषय काढला तर उठून पाटाचं पाणी वळवायला जातो.

मशीन पुतणीच्या खोलीत जमिनीवर ठेवलं होतं. काळं कॅबिनेट, एका बाजूला काच. मी काच काढली, मागचा पत्राही काढला आणि बॅटरी लावून आत बघू लागलो. पुतणी शेजारी मांडी घालून बसली, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशी.

पहिल्यांदा पॉवर सप्लाय. तयार मशीनमध्ये हमखास इथेच काटकसर असते. लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. चांगला होता. लागते त्यापेक्षा बरीच जास्त ताकद शिल्लक होती, म्हणजे पुढे याहून मोठं ग्राफिक्स कार्ड घातलं तरी चाललं असतं. मग मदरबोर्ड. काही कंपन्या स्वतःच्याच मापाचा बोर्ड बसवतात, तो बिघडला की दुसऱ्या कोणाचा त्या जागी बसत नाही. हा मात्र सरळ बाजारी मापाचा निघाला. वायरी मागच्या बाजूने नीट बांधून नेलेल्या होत्या. माझ्या हातून इतक्या नीट बांधल्या गेल्या असत्या का, सांगता येत नाही.

"रॅम एकच पट्टी टाकलीय," मी म्हणालो. शेवटी काहीतरी सापडलं होतं. "दोन असत्या तर प्रोसेसरला दोन रस्ते मिळाले असते. आता सगळी वाहतूक एकाच रस्त्याने."

"मग परत करायचं?"

"थांब. शेजारचा स्लॉट मोकळा आहे. तशीच दुसरी पट्टी आणून घालता येईल. एसएसडीलाही अजून एक जागा आहे."

मग मी ग्राफिक्स कार्ड बघितलं. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, तीन पंख्यांचं, आणि वजनाने वाकू नये म्हणून खालून टेकू दिलेला. त्या सगळ्या लोखंडाच्या आणि पंख्यांच्या पोटात खरी चकती, म्हणजे चिप, सुपारीच्या खांडाएवढी, आणि तिच्यात एकाच वेळी हिशोब करणारे हजारो बारीक भाग. हे मला ठाऊक होतं, गिऱ्हाइकांना सांगतही आलो होतो. पण एवढं मोठं कार्ड म्हसळ्यात माझ्याकडे कधी आलं नव्हतं. मी सुरुवातीला जोडलेल्या मशीनवर एक फोटो वरून खाली उलगडत यायचा, आणि तो पुरता दिसेपर्यंत आम्ही चहा पिऊन घ्यायचो. मी थोडा वेळ नुसता बघत राहिलो.

"खिडकीपाशी नको ठेवूस," मी म्हणालो. "इथला खारा वारा पत्रा खातो. आणि रोज चालू कर. मशीन गरम झालं की आतली ओल सुकते."

सगळं परत लावून मशीन सुरू केलं. ओझं टाकून बघायला मी पेन ड्राइव्हवर चाचण्या आणल्या होत्या. पुतणी म्हणाली, "त्यापेक्षा माझंच लावू. लॅपटॉपवर ते उघडतच नव्हतं."

पडदा क्षणभर काळा झाला आणि मग समोर वाडी आली.

आमचीच वाडी होती, वादळाआधीची. उंच, दाट, आत शिरलं की दुपारीही संध्याकाळ वाटायची तशी. विहीर, तिच्याकडून निघालेला पाट, पोफळींची आळी आणि त्यांत साठलेलं पाणी. पाण्यात शेंड्यांचं प्रतिबिंब हलत होतं. पुतणीने माउस फिरवला तसे आम्ही आत चालत गेलो. शेंड्याची एकेक झाप वेगळी हलत होती आणि तिची सावली तिच्याबरोबर खाली हलत होती. मी सेकंदाला किती फ्रेम निघतात तो कोपऱ्यातला आकडा बघायला बसलो होतो, तो बघायचं विसरलो.

"कुठून केलंस हे?"

"जुने फोटो होते. लग्नातले, पाहुण्यांनी काढलेले. बाकी आठवणीतून."

वहिनी चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून उभी राहिली. "ही विहिरीकडची बाजू," ती म्हणाली. मग दाराकडे वळून तिने दादाला हाक मारली, "अहो, इकडे या जरा."

दादा हात पुसत आला. उंबऱ्यातच थांबला. तिथूनच पडद्याकडे बघत राहिला.

"हलतायत," शेवटी म्हणाला.

"वारा घातलाय त्यात, बाबा. कमी-जास्त करता येतो."

"वाढव मग," मी म्हणालो. "लोड किती घेतंय ते बघू." बोलून गेलो आणि लक्षात आलं मी काय म्हणालो ते. पुतणीने वडिलांकडे पाहिलं.

"वाढव," दादा म्हणाला.

तिने वारा वाढवला. शेंडे एका दिशेला वळले. आणखी वाढवला, तशा झापा उलट्या झाल्या आणि खोडं धनुष्यासारखी वाकली. कॅबिनेटमधले पंखे जोरात फिरू लागले, त्यांचा आवाज खोलीत भरला. तापमान चढत गेलं आणि एका जागी येऊन थांबलं. मग एक पोफळ मधोमध मोडली. ती शेजारच्या पोफळीवर पडली, तिने ती पेलून धरली. आणखी एक येऊन पडली, तीही तिने धरली. नंतर तिघी एकदम गेल्या, आणि त्यांच्यामागची ओळ बसत गेली. चित्र एकदा अडखळलं आणि पुन्हा सुरू झालं. वहिनीने कप खाली ठेवला.

दादा येऊन खाटेवर बसला. "त्या दिवशी आम्ही माजघरात होतो," तो म्हणाला. "दारं दोरीने बांधली होती. नुसता आवाज यायचा. मी पडताना एकही झाड बघितलं नाही. मला वाटायचं, सगळी एकदम झोपली." मग म्हणाला, "ही तर एकमेकांना धरून होती."

"बाबा, अगदी असंच झालं असं नाही हां," पुतणी हळूच म्हणाली. "मी फक्त खोडाची ताकद आणि वाऱ्याचा जोर घातलाय. पुढचा हिशोब मशीन करतं. दर वेळी वेगळं होतं."

"म्हणजे हे आधी काढून ठेवलेलं नाही?"

"नाही. आत्ता होतंय ते."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पण त्या क्षणी मलाही ते नवंच होतं. एवढ्या झाडांचा, एवढ्या पानांचा हिशोब माझ्या पायाशी ठेवलेला तो डबा डोळ्याचं पातं लवतंय तोवर करत होता, आणि तो पुढे काय करील ते त्या पोरीलाही माहीत नव्हतं.

"पुन्हा लाव," दादा म्हणाला.

दुसऱ्या वेळी विहिरीकडची झाडं तगली. तिसऱ्या वेळी पश्चिमेची ओळ पहिल्याच झोतात गेली. दादा पुढे सरकून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख असेल म्हणून मी चोरून पाहिलं, तर तिथे नुसतं कुतूहल होतं. रहाटाचं बिघडलेलं चाक बघताना असायचं तसं.

मशीन ठेवून घे, असं मी पुतणीला सांगितलं. रॅमची दुसरी पट्टी मुंबईहून मागवली आणि पुढच्या खेपेला जाऊन बसवली. वारा वाढवल्यावर चित्र अडखळायचं ते थांबलं.

दादा आता दुपारी तिच्या खोलीत जाऊन बसतो. पश्चिमेच्या बाजूचे फोटो तिच्याकडे नव्हतेच. तिथे कोणतं झाड कुठे होतं, कोणतं वाकडं वाढलं होतं, हे तो सांगतो आणि ती ते तिथे उभं करते. एकदा मी मशीनची जाळी साफ करायला गेलो, तेव्हा दोघांचा वेगळाच विषय चालला होता.

"वारा अडवायला समुद्राच्या अंगाला उंडीच्या झाडांची रांग लावली तर?" दादा विचारत होता.

"लावून बघू. पण बाबा, हा गेम आहे. खऱ्या वाऱ्याचं मी काही सांगू शकत नाही."

"ते मला कळतंय. तू लाव."

तिने रांग लावली आणि वारा सोडला. त्या खेपेला मागची बरीच पोफळ उभी राहिली. पावसाळ्यात दादाने पश्चिमेच्या बांधाला उंडीची रोपं लावली. गुरांनी खाऊ नयेत म्हणून भोवती काट्या रोवल्या. परवा मी गेलो, तेव्हा ती गुडघ्याएवढी झाली होती, आणि दादा मला हाताला धरून ती दाखवायला घेऊन गेला.