शिडी धरणारी

आनंदीने उत्तरपत्रिकेवर भिंत काढली, भिंतीला टेकलेली शिडी काढली, शिडीवरच्या माणसाचं वजन खाली जाणाऱ्या बाणाने दाखवलं. मग शिडीच्या पायाशी, भिंतीच्या दिशेने, आणखी एक बाण मारला. प्रश्नात तो कुठेच नव्हता. हात आपसूक गेला.

मिड-टर्मचे पेपर परत देताना मेकॅनिक्सच्या सरांनी नेमकं त्याच बाणावर बोट ठेवलं.

"हा कुठून आला?"

"धरणारीचा आहे, सर."

"कोण धरणारी?"

"मी."

सगळा वर्ग फिस्सकन हसला. सरांनाही हसू आवरेना. वर्गातली पोरं तिला ताई म्हणायची, म्हणून तेही म्हणायचे. "ताई, या गणितात तुम्ही नाही आहात. तुम्ही मध्ये आलात आणि एक अज्ञात वाढलं. समीकरणं तीन, अज्ञात चार. आता ब्रह्मदेव आला तरी हे सुटायचं नाही."

आनंदीही हसली, पण पेपर घडी करून पिशवीत टाकला. बारावीला चांगले मार्क असूनही लग्नामुळे राहिलेलं इंजिनिअरिंग तिने तिशी उलटल्यावर, सीईटी देऊन मिळवलं होतं. ॲडमिशनच्या दिवशी देवघरासमोर उभं राहून सासूबाईंना शब्द दिला होता, "आई, पहिल्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटले तरच पुढे. एक जरी राहिला तरी हा नाद सोडते." बाकीच्या विषयांची तिला धास्ती नव्हती. मेकॅनिक्सची होती.

आणि चूक तरी कसली! तिच्या नवऱ्याचा, परागचा, भाईंदर पूर्वेला मंडप-डेकोरेशनचा धंदा. घरचा नियम एकच, खाली धरणारं माणूस असल्याशिवाय शिडीवर पाय ठेवायचा नाही. लग्न झाल्यापासून ते माणूस आनंदी. सगळ्यात खालच्या पायरीवर पाय रोवायचा, दोन्ही हातांनी दांडे धरायचे आणि मनात दत्तगुरूंचं नाव घ्यायचं. बिनधरलेली शिडी तिने उभ्या संसारात पाहिली नव्हती.

शेजारी बसणारी सान्वी वयाने अर्धी, पण तोंडाने दुप्पट. तिने कॅन्टीनमध्ये आनंदीला पकडून बसवलं.

"ताई, फ्री बॉडी डायग्राम म्हणजे काय? शिडी उचलायची आणि एकटी कागदावर आणायची. मग विचारायचं, हिला टेकलंय कोण, हिला ओढतंय कोण. जमीन टेकलीय, बाण. भिंत टेकलीय, बाण. वजन खाली ओढतंय, बाण. बाकी कोणाला एंट्री नाही."

"आणि देवाचा हात?"

"देवाला बाण नसतो, ताई. तो पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात बसतो."

"मग तिथेच बसू दे त्याला," आनंदी म्हणाली, आणि वही उघडली.

त्या दिवसापासून तिला वेडच लागलं. दोरीवरची ओली चादर, खुंटीवरची पिशवी, कलता ठेवलेला पाट, दिसेल त्याचं चित्र काढायची. पोळ्या लाटतानासुद्धा पुटपुटायची, "टेकलंय कोण?" मनोरमाबाई, तिच्या सासूबाई, परागला म्हणाल्या, "हिला काही लागीर तर नाही ना झालं?"

मेकॅनिक्सचा पेपर आला नेमका दत्तजयंतीच्या दिवशी. आणि जवळच्या राई गावातल्या दत्तमंदिराचा मंडप परागकडे.

"शिडी कोण धरणार?" आनंदीने विचारलं.

"मी," मनोरमाबाई म्हणाल्या. "तू यायच्या आधी कोण धरत होतं? तुझ्या सासऱ्यांची काय हवेत उभी राहायची? जा तू, उशीर होईल."

देवाला नमस्कार करून ती गेली. पेपरात शिडी होतीच. भिंत गुळगुळीत, जमीन खडबडीत, माणूस किती वर चढला की शिडी घसरेल? तिने बाण काढायला घेतले. पेन सवयीने शिडीच्या पायाशी आलं आणि थांबलं. डोळ्यांसमोर राईचा मंडप आला, पदर खोचलेल्या सासूबाई आल्या. ती शिडी त्यांच्या हातात होती. ही कोणाच्याच हातात नव्हती. टेकलंय कोण? जमीन आणि भिंत, बस. तिने पेन उचललं, तीन समीकरणं मांडली, आणि गणित सरळ सुटत गेलं.

पेपर संपला तशी ती रिक्षा करून थेट राईला गेली. पराग वर झालर बांधत होता. खाली मनोरमाबाई शिडी गच्च धरून उभ्या होत्या.

"कसा गेला गं?"

"शिडी घसरली, आई."

"काय?" वरून पराग ओरडला आणि त्याने बांबूला मिठीच मारली.

"पेपरातली हो! अगदी बरोबर घसरली. माणूस अर्ध्याच्या थोडा वर गेला की घसरायलाच हवी होती."

"अगोबाई! आणि माणसाचं काय झालं?"

"ते विचारलं नव्हतं."

मनोरमाबाईंनी कपाळावर हात मारला, पण ओठांत हसू होतं. "म्हणजे सुटला म्हणायचा विषय?"

"निकाल लागेल तेव्हा लागेल. पण सुटला, आई. मला ठाऊक आहे."

"मग पुढच्या सेमिस्टरची पुस्तकं सांग परागला आणायला. आणि ही धर आता, माझे हात भरून आलेत."

आनंदीने चप्पल काढली, सगळ्यात खालच्या पायरीवर पाय रोवला आणि दोन्ही दांडे घट्ट पकडले.

"धरलीस का?" वरून परागने विचारलं.

"धरलीये. चढा अजून वर."