फेरफार की फारकत? लाल टू-सीटर घेऊन उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

गाडीचं इंजिन थकलंय हे मान्य करायला मला अख्खं वर्ष लागलं. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली माझी लाल टू-सीटर स्पोर्ट्स कार घाटात धापा टाकायला लागली, आणि पर्याय दोनच उरले: मॉडिफाय करून ताकद वाढवायची, नाहीतर ती देऊन दुसरी घ्यायची. उल्हासनगरात एक वर्कशॉप अशी कामं करतं असं कळलं होतं. बदलापूरजवळच्या सोनिवलीत तशीच, पण हिच्याहून कमी जुनी, निळी गाडी विकायला होती. दोन्हींच्या मध्ये अंबरनाथ, आणि अंबरनाथच्या मोरिवलीत माझे बाबा. शनिवारी पहाटेच पुणं सोडलं.

बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेत. केसभर फरक असला तरी पार्ट परत पाठवायचे. अजूनही दूधवाल्याचं दूध घरी पुन्हा मोजून घेतात. मी त्यांचीच मुलगी, त्यामुळे या प्रवासात आम्ही दोघांनी मिळून कुणावरच विश्वास ठेवला नाही.

एक्सप्रेसवेवरून खालापूरला उतरा, मग चौक, कर्जत, नेरळ, वांगणी. तीन तास धरा. गाडी बसकी असेल तर कर्जतनंतरचे गतिरोधक तिरके घ्या. मी घेतले नाहीत, दोनदा पोट घासलं.

मोरिवलीहून बाबांना घेऊन उल्हासनगर गाठलं. तिथल्या कॅम्प पाच भागात सिंधी दाल-पकवान, म्हणजे कडक पुरी आणि डाळ, खाल्लं. कुरकुरीत, वर कांदा आणि आंबट चटणी, दोघांचं पोट स्वस्तात भरलं. बाबांनी पकवानाचा वास घेऊन तेल किती दिवसांचं आहे ते विचारलंच.

वर्कशॉपचे मालक हरेशभाई साठीचे, सिंधी, अंगात पांढराशुभ्र शर्ट. बाबा कानात म्हणाले, "मेकॅनिकचा शर्ट पांढरा? काम दुसराच कुणी करत असणार."

मी मोठा टर्बो आणि नवं सस्पेन्शन सांगितलं. हरेशभाईंनी गाडी लिफ्टवर चढवली, टॉर्च घेऊन स्वतःच बराच वेळ खाली फिरले. मग हात पुसत आले.

"ताई, हे काम मी नाही करणार."

"का?"

"ही एक गाडी नाय, दोन आहेत. पुढची एक, मागची दुसरी. सीटच्या खाली जोडून वरून काळा कोटिंग मारलाय. हिची पॉवर वाढवली तर जोड खुलेल. आज नाय तो कल." मग म्हणाले, "पार्ट्ससाठी द्यायची असेल तर मी घेतो."

बाबांनी माझं कोपर धरून मला बाहेर आणलं. "बघितलंस? आधी घाबरवायचं, मग स्वस्तात उचलायची!"

मलाही तसंच वाटलं. तरीही सोनिवलीपर्यंत मी चाळीसच्या वर गेले नाही, आणि बाबांनी डॅशबोर्डवरचा हात काढला नाही.

सोनिवलीतल्या नव्या इमारतीत राहणारा नितीन तिशीचा, गोड बोलणारा. त्याने आम्हाला सरबत दिलं, सर्व्हिसचे कागद फाइलमध्ये लावून ठेवले होते. निळी गाडी चकचकीत, आत अत्तरासारखा वास. मी मनातल्या मनात ती घेऊनही टाकली होती.

"बसून बघू?" बाबांनी विचारलं.

"बसा ना काका, बिनधास्त!"

बाबा गुडघे सावरत आत बसले आणि सीटबेल्ट ओढत राहिले, पार शेवटापर्यंत. शेवटचा वीतभर पट्टा तपकिरी होता. त्यांनी नखाने खरवडलं. वाळलेला गाळ.

"नदीच्या पुराचं पाणी गाडीत किती दिवस होतं?"

नितीनचा चेहरा उतरला. "दोन दिवस, काका. तेव्हा नदीकाठी भाड्याने राहायचो. वायरिंग सगळं बदललंय, खरंच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की लोक फोन ठेवतात."

मला त्याचा राग आला, आणि थोडी दयाही. सरबत तसंच ठेवून आम्ही निघालो.

परत मोरिवली. बाबांचे जुने सहकारी सावंतकाका यांच्या शेडमध्ये गाडीखाली उतरायला खड्डा आहे. बाबा वायरब्रश घेऊन स्वतः उतरले. आम्हाला हरेशभाईंना खोटं पाडायचं होतं. बराच वेळ खरडण्याचा आवाज आला, मग थांबला.

"वैशू, खाली ये."

माझ्या सीटच्या बरोबर खाली आडवा जोड होता. ओबडधोबड, घाईत मारलेला. एका टोकाला तो उकलायला लागला होता. माझं नख आत गेलं. शेजारच्या सीटवर माझ्या मुलीला बसवून मी खंडाळ्याचा घाट कितीदा उतरले होते.

चहा घेताना बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "ती तुमच्या सोसायटीतली मुलगी मागत होती ना गाडी? देऊन टाक."

ती म्हणजे ऋतुजा. नुकतीच नोकरीला लागलेली, 'ताई, विकलीत तर मलाच' म्हणून मागे लागलेली.

"आणि जोडाचं काय सांगू?"

"तुला कुणी सांगितलं होतं?"

दिवसभरात पहिल्यांदाच मला माझ्या बापाचा संशय आला.

"मग नितीनला कशाला झापलंत?"

ते चहाचा ग्लास हातात फिरवत राहिले. "तुझं नुकसान बघवत नाही गं," एवढंच म्हणाले. चहा निवला. मग स्वतःच म्हणाले, "त्या हरेशला फोन लाव."

फोनवर बाबा ताठ बसून बोलले. "तुमचं बरोबर होतं. मी स्वतः बघितलं. गाडी चालवून आणत नाही, उचलून न्या. आणि हो, मी तुम्हाला चोर समजलो होतो."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "साईं, सगळेच समजतात. उद्या नेतो."

मी एकच अट घातली: सांगाडा कुणाला विकायचा नाही, जोडावरच कापायचा. आणि कापताना व्हिडिओ पाठवायचा. विश्वास अजूनही पूर्ण बसला नव्हता, खोटं कशाला बोलू?

कल्याणपर्यंत रिक्षा, पुढे पुण्याची एसटी. चौथ्या दिवशी व्हिडिओ आला. ठिणग्या उडत होत्या. लाल पत्र्याचे दोन तुकडे दोन बाजूंना पडले आणि मी रडले. गाडी फसवी होती, पण त्यातली चार वर्षं माझीच होती.

तुम्ही असा बेत आखत असाल तर इतकंच सांगते: मॉडिफाय करायच्या आधी गाडी लिफ्टवर चढवा, बदलायच्या आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आणि इंजिनात हात घालायच्या आधी आरटीओ आणि विम्याचं विचारून घ्या. मी शेवटी ना मॉडिफाय केली, ना बदलली. सध्या स्कूटर आहे.

ऋतुजाला गाडी गेल्याचं सांगितलं तेव्हा ती रुसली. "जास्त किंमत देणारं कुणी भेटलं वाटतं."

मी तिला खड्ड्यात काढलेला जोडाचा फोटो दाखवला. तिने तो मोठा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"हा तुमच्याच गाडीचा कशावरून?"

मला राग आला नाही. असाच प्रश्न मी चार वर्षांपूर्वी गाडी घेताना विचारायला हवा होता. मी तिला आत बोलावलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.